परक्यांची आळी

कोबे शहरात हरवायचं ठरवलं तरी हरवता येत नाही. उत्तरेला रोक्कोचे डोंगर, दक्षिणेला समुद्र आणि या दोघांच्या मध्ये शहराची चिंचोळी पट्टी. इथली माणसं पूर्व-पश्चिमेच्या भानगडीत फारशी पडत नाहीत. दुकान रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला आहे की समुद्राकडच्या, एवढंच सांगतात. मोठ्या दुकानांच्या आतल्या पाट्यांवरही तेच लिहिलेलं असतं. मी अमरावतीची. आमच्याकडे पत्ता म्हणजे ‘राजकमल चौकात या आणि कोणालाही विचारा’. त्या मानाने ही पद्धत फारच शिस्तीची. समुद्राकडे उतार आणि डोंगराकडे चढ असल्यामुळे डोळे मिटून चाललं तरी आपण कुठे निघालोय ते पोटऱ्या सांगतात.

सान्नोमिया स्टेशनवर उतरून डोंगराकडे चालू लागलं की पाव तासात पोटऱ्या कुरकुरायला लागतात आणि कितानो येतं. ही कोबेची परक्यांची आळी. तिथल्या घरांना जपानी लोक ‘इजिनकान’ म्हणतात, म्हणजे परक्या माणसांचे बंगले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रज, जर्मन, अमेरिकन व्यापारी आणि वकिलातींचे अधिकारी या उतारावर राहत. त्यांची उरलेली घरं आता जपून ठेवली आहेत आणि बऱ्याच घरांत तिकीट काढून जाता येतं. शाळांच्या सहली येतात, नवी जोडपी येतात, उन्हाच्या टोप्या घातलेल्या आज्यांचे घोळके येतात. सगळे हळू आवाजात ‘अहाहा’ करत दुसऱ्याच्या बापजाद्यांच्या खुर्च्या, पलंग आणि न्हाणीघरं बघतात.

मी २०२२च्या वसंतात कोबे विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले. रविवारचा सगळ्यात स्वस्त विरंगुळा म्हणजे चालणं, म्हणून कितानो. आईला फोनवर उत्साहाने सांगितलं, आज इथली परदेशी लोकांची वस्ती बघून आले. आई क्षणभर काही बोललीच नाही. मग म्हणाली, “काहून? तू तिथं स्वतःच परदेशी हायेस ना? मंग आरशात पाह्यलं असतं तर तिकिटाचे पैसे वाचले असते.”

या युक्तिवादाला अर्थशास्त्रात उत्तर नव्हतं. शिवाय तो वाटला त्याहून खरा होता. त्या वर्षी करोनामुळे जपानने बाहेरच्या पर्यटकांना दार लावून घेतलं होतं. एकेकट्या प्रवाशाला आत यायला ऑक्टोबर उजाडला. म्हणजे मी हिंडत होते त्या दिवसांत परक्यांच्या आळीत प्रेक्षक सगळे जपानी, आणि सगळ्या चढावर ठळकपणे परकी दिसणारी मी एकटी. वातकुक्कुटाचं घर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंगल्यासमोर ओकायामाहून आलेल्या दोन आज्यांनी मला अतिशय अदबीने थांबवलं. मला वाटलं, फोटो काढून द्यायचा आहे. त्यांना मी फोटोत हवी होते. “घराला शोभतेस,” असं त्यांतली एक म्हणाली. घर १९०९ सालचं, लाल विटांचं, गॉटफ्रीड थॉमस नावाच्या जर्मन व्यापाऱ्याचं. मी खादीच्या कुर्त्यातली वऱ्हाडी मुलगी. शोभले असेन.

ही वस्ती डोंगरावर चढली ती मुळात जागा कमी पडली म्हणून. १ जानेवारी १८६८ला कोबेचं बंदर परदेशी जहाजांना खुलं झालं. समुद्रालगत परक्यांसाठी वेगळी वसाहत आखायची ठरली. हार्ट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने आराखडा केला. सरळ रस्ते, गटारं, १२६ भूखंड. पण साहेब लोकांच्या बोटी वेळेवर आल्या आणि सरकारी काम वेळेवर झालं नाही. (हे वाचून मला घरच्यासारखं वाटलं.) मग तोडगा म्हणून आसपासच्या गावठाणात, इकुता आणि उजी या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, जपानी लोकांच्या शेजारीच जागा भाड्याने घेऊन राहायची मुभा परक्यांना मिळाली. हळूहळू रिवाज पडला : दिवसा समुद्राकडे कचेरी, संध्याकाळी डोंगराकडे बंगला. १८९९ साली वसाहत जपानकडे परत गेली, तरी बंगले राहिले. कोबेच्या लोकांना परक्यांची सवय आहे असं म्हणतात, ती या दिरंगाईने लावलेली सवय आहे.

त्या आज्यांनी मला आणखी एक प्रश्न विचारला होता. तुमच्या देशात अशी घरं असतात का? मी हसून ‘छे छे’ म्हणणार होते, पण व्हरांड्याकडे बघून थांबले. अमरावतीच्या कॅम्प भागात जुने साहेबी बंगले आहेत, त्यांना असाच ऐसपैस व्हरांडा. आणि तो तिथे असणं साहजिकच आहे. इंग्लंडच्या पावसात व्हरांड्यात कोण बसणार? ही चैन इंग्रजांना हिंदुस्थानात आणि आशियाच्या उष्ण मुलखांत राहून लागली. मग ती बोटीत बसून सिंगापूर, हाँगकाँग, शांघाय करत बंदराबंदरांतून जपानला पोचली. कोबेच्या हिवाळ्यात रोक्कोवरून वारा सुटला तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की इथे व्हरांडा परवडत नाही. म्हणून कितानोतल्या कित्येक घरांचे व्हरांडे काचांनी बंद केलेले दिसतात. जपानी आज्या ज्याला अस्सल युरोप समजून बघत होत्या तो निम्मा आमच्या उन्हाचा होता. हे सगळं जपानीत सांगण्याइतकी माझी भाषा झाली नव्हती, म्हणून मी ‘हो, थोडीफार’ म्हटलं. त्या फार खूश झाल्या.

आता हे लोक अचानक ही घरं बघायला का येऊ लागले? गाव जुनं, घरं जुनी, पण गर्दी तशी अलीकडची. १९७७मध्ये एन.एच.के.वर सकाळची एक मालिका लागली, नाव ‘काझामिदोरी’, म्हणजे वातकुक्कुट. जपानी बाई आणि तिचा पाव भाजणारा परदेशी नवरा यांची गोष्ट. ती घराघरांत बघितली गेली आणि लोक कितानोच्या चढावर लोटले. तोवर युद्धातले बॉम्ब आणि शांततेतले बिल्डर या दोघांनी मिळून बरीच घरं संपवली होती. पुढच्याच वर्षी थॉमस यांच्या घराला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला आणि १९८०मध्ये सगळी आळीच संरक्षित झाली. मालिकेतली सून काय करू शकते हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला वेगळं सांगायला नको, पण तिने एक अख्खी पेठ वाचवल्याचं हे एकच उदाहरण माझ्या माहितीत आहे.

खुद्द थॉमस यांच्या नशिबात हे घर फार काळ नव्हतं. १९१४मध्ये मुलीच्या शाळेसाठी कुटुंब जर्मनीला गेलं, तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं, जपान आणि जर्मनी एकमेकांचे शत्रू झाले आणि परतणं राहूनच गेलं. तोवर त्या घरात ते जेमतेम पाच वर्षं राहिले असतील. त्यांचं जेवणघर आता दोरी लावून राखलं आहे. टेबलावर काटेचमचे मांडलेले आहेत. राहत होता तेव्हा बहुधा तो भाव करणारा, मोठ्याने बोलणारा, अडचणीचा माणूस असेल. गेला आणि लाडका झाला. शहरांचं असं असतं खरं. आपल्याकडेही इराणी हॉटेलं बंद पडायला लागल्यावरच त्यांच्यावर लेख यायला लागले.

काही घरांत मात्र नुसता जिव्हाळा नाही, चांगलीच धमाल आहे. इंग्लिश हाऊस नावाच्या घरात शेरलॉक होम्सची टोपी आणि खांद्यावरून घ्यायचा झगा मिळतो. तो घालून घरभर, बागेत, अगदी रस्त्यापर्यंत फोटो काढत फिरायचं. एका वेळी डझनभर शेरलॉक बागेत हिंडत असतात आणि गुन्हा कोणीच करत नाही. मीही घातला. विद्यापीठातली माझी मैत्रीण शिमानेच्या खेड्यातली; ती वॉटसन झाली. डच घरात लाकडी खडावा आणि घेरदार झगा भाड्याने मिळतो. यामाते हाचिबानकान या घरात ‘सॅटर्नची खुर्ची’ आहे. तिच्यावर बसून मागितलेली इच्छा पुरी होते म्हणे. त्यासाठी रांग असते. मी शिष्यवृत्ती मागितली. त्या खुर्चीचा विद्यापीठाच्या अर्थविभागाशी काही संपर्क नसावा.

पण मला सगळ्यात आवडला तो उरोको हाऊसच्या अंगणातला रानडुक्कर. या घराच्या भिंतींवर माशाच्या खवल्यांसारख्या दगडी चकत्या बसवल्या आहेत, म्हणून नाव उरोको, म्हणजे खवलं. अंगणात ब्राँझचा युरोपीय वळणाचा रानडुक्कर बसलाय. त्याच्या नाकावरून हात फिरवला की भाग्य उजळतं, म्हणून लोकांनी चोळून चोळून त्याचं नाकच उजळवून टाकलंय. याच डोंगरात खरे रानडुक्कर राहतात. संध्याकाळी रोक्कोवरून उतरून ते वस्तीत येतात, कचऱ्याच्या पिशव्या फाडतात, विद्यापीठाच्या आवारातही कधीमधी दर्शन देतात. त्यांना खायला घालू नये असा कोबे शहराचा २००२ पासून खास नियम आहे. चढावर जागोजागी सावधगिरीच्या पाट्या आहेत. एकाच जातीचे दोघे. परदेशी वळणाच्या धातूच्या डुकराला नाकावर माया, आणि हाडामांसाच्या स्थानिक डुकराला नोटीस. माझी मैत्रीण हे ऐकून इतकी हसली की तिची शेरलॉकी टोपी (तोवर आम्ही अदलाबदल केली होती) घरंगळत खालच्या पायरीवर गेली.

वातकुक्कुटाच्या घराशेजारी पायऱ्या चढून गेलं की कितानो तेंमान हे शिंतो देवस्थान लागतं. या सगळ्या परक्यांच्या गर्दीत हे तेवढं अस्सल गावचं, असं समजून मी वर गेले. तर तिथला देवही बाहेरचा निघाला. ११८० साली तायरा नो कियोमोरी या सरदाराने काही महिन्यांसाठी राजधानीच या भागात हलवली, तेव्हा क्योतोच्या कितानो देवळातून हा देव इकडे आणला. आळीचं नाव त्यावरून पडलं. आणि देव कोण? तेंजिन, विद्येचं दैवत. माणूस होता तेव्हा त्याचं नाव सुगावारा नो मिचिझाने. मोठा पंडित, दरबारी कारस्थानात सापडला आणि क्योतोहून दूर क्यूशूला धाडला गेला. तिथेच वारला. म्हणजे शिक्षण पुष्कळ, घरापासून लांब आणि बरोबर अन्याय झाल्याची भावना. परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा जवळचा देव मिळणं कठीण. परीक्षा जवळ आल्या की मुलं लाकडी पाट्यांवर नवस लिहून टांगतात. मीही मराठीतून एक लिहून टांगली. देव आठशे चाळीस वर्षं बंदराजवळ राहतोय, एवढ्या काळात थोडं मराठी कानावरून गेलंच असेल, असा हिशेब केला.

तिकिटाचं कितानो इथे संपतं. खालच्या अंगाला, सान्नोमियाच्या बाजूला उतरलं की दुसरं सुरू होतं, आणि माझा बहुतेक वेळ तिथे गेला.

एका वळणावर दोन मिनार आणि घुमट दिसतो. ही १९३५ साली बांधलेली मशीद, जपानमधली पहिली. तिचा वास्तुविशारद यान श्वाग्र नावाचा चेक माणूस, ख्रिश्चन. पैसे उभे केले ते कोबेतल्या हिंदुस्थानी मुसलमान व्यापाऱ्यांनी आणि रशियन क्रांतीतून पळून आलेल्या तातार लोकांनी. १९४५च्या बॉम्बहल्ल्यांत आजूबाजूचं शहर जळून गेलं, मशीद उभी राहिली. १७ जानेवारी १९९५च्या पहाटे भूकंपात साडेसहा हजारांच्या आसपास माणसं गेली, मशीद तेव्हाही उभी राहिली आणि लोकांना आसरा मिळाला. वरच्या बंगल्यांपैकी मोएगी हाऊसची विटांची धुरांडी त्याच पहाटे पडली. त्यातली एक जिथे बागेत रुतली तिथेच ठेवली आहे. लोक तिच्याभोवती चहाचे कप घेऊन उभे राहतात आणि मग पाटी वाचून गप्प होतात.

मशिदीजवळ हलाल किराण्याची दुकानं आहेत. माझी तूरडाळ, माझा हिंग, माझा गूळ, माझी मोहरी सगळं हलाल दुकानातून येत असे. दिवाळीच्या चिवड्याचे पोहेसुद्धा. दुकानदार लाहोरकडचा. जपानमध्ये ‘कुठून आलात?’ हा प्रश्न सगळेच विचारतात आणि ‘इंदो’ म्हटलं की समाधान पावतात. या गृहस्थांनी पुढचा प्रश्न विचारला. “इंडिया में कहाँ?” महाराष्ट्र म्हटलं. “महाराष्ट्र में कहाँ?” अमरावती म्हटलं. त्यांनी विचार केला, मान हलवली आणि कबूल केलं, “मालूम नहीं.” मला इतकं बरं वाटलं! माहीत नाही म्हणायलाही आधी तीन प्रश्न विचारावे लागतात. मग मी आमच्या अमरावतीच्या हिंदीत “मेरेको पाव किलो जिरा होना” म्हटलं, तेव्हा त्यांनी जिरं मोजायचं सोडून दुकानातल्या पोराला हाक मारली आणि मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. परक्यांच्या आळीत माझा प्रेक्षणीय वस्तू म्हणून खरा सन्मान झाला तो तेवढाच, आणि तोही व्याकरणासाठी.

आणखी थोडं चाललं की एका शांत गल्लीत संगमरवरी शिखर दिसतं. महावीरस्वामींचं जैन मंदिर, १९८५चं, हेही जपानमधलं पहिलं. गल्लीत दोन्ही बाजूंना जपानी फ्लॅट, खाली लावलेल्या सायकली, वाळत घातलेल्या रजया, आणि मध्येच नक्षीचे खांब. याचं कारण मोती. जपानच्या मोतीशेतीचा माल छाटायचा, भोकं पाडायची, जुळवायचा आणि बाहेर पाठवायचा धंदा कोबेत एकवटला, आणि त्या धंद्यात गुजराती जैन कुटुंबं शिरली. त्याआधीपासून कापडाच्या व्यापारातले सिंधी होतेच. १९२३च्या भूकंपाने योकोहामा उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथले हिंदी व्यापारी मोठ्या संख्येने इकडे आले.

मंदिराबाहेर चपला घालताना एका काकांशी ओळख झाली. मुंबईत वाळकेश्वरला वाढलेले, मराठी स्वच्छ. मी विद्यार्थिनी आहे म्हटल्यावर त्यांनी पहिली चौकशी जेवणाची केली आणि दुसरी भाड्याची. मोती कोबेतच का, हे त्यांनीच समजावलं. “मोती उन्हात बघायचा नाही, दिव्याखाली तर नाहीच. उत्तरेचा उजेड पाहिजे. इथे उत्तरेला डोंगर आहे ना? त्याच्यावरून उजेड परतून येतो तो एकदम मऊ. त्यात दोन मोत्यांतला फरक कळतो.” मी विचारलं, वरच्या बंगल्यांत कधी गेला होता का? “मुलीचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांना घेऊन गेलो. त्या शेरलॉककडे. व्याह्यांना फार आवडलं.” थोडं थांबून म्हणाले, “मी पस्तीस वर्षं इथे आहे. माझं घर बघायला अजून कोणी तिकीट काढलेलं नाही.” तक्रार नव्हती. उलट त्यांच्या चेहऱ्यावर समाधानच दिसत होतं, आणि मला ते पटलं. ज्याच्या घराला तिकीट लागतं तो माणूस निघून गेलेला असतो. ज्याला सकाळी जाळायचा कचरा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं करून ठरल्या वारी ठरल्या कोपऱ्यावर ठेवावा लागतो आणि वार चुकला तर शेजारच्या आजी घंटी वाजवून सांगतात, तो राहतो. कोबेने त्याच्याकडे मान वळवून बघणं सोडून दिलंय. परक्या गावात माणसाला याहून जास्त आदरातिथ्य लागत नाही, असं माझं मत झालं आहे.

अर्थात सगळ्यांनाच अशी सूट नसते. जपानमध्ये चर्चसारख्या दिसणाऱ्या हॉलमध्ये पांढरा झगा घालून लग्न करायची हौस मोठी आहे, आणि कितानोत असे हॉल भरपूर. त्यात पाद्री म्हणून उभं राहायला गोरा माणूस लागतो. धर्म कोणता हे फारसं कोणी विचारत नाही. माझ्या वर्गातल्या एका पोलिश मुलाला विचारणा झाली होती. तो नास्तिक होता, पण उंच होता. मला मात्र नान कसा भाजतात हे विचारलं जाई. जपानमधली बहुतेक ‘इंडियन’ हॉटेलं नेपाळी लोक चालवतात आणि ताटाबाहेर हातभर लोंबणारा नान वाढतात. “तुम्ही घरी रोज एवढा मोठा नान खाता?” असं शिमानेच्या मैत्रिणीने विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं की आमच्या घरात तंदूर नाही, माझ्या आजीने नान हा पदार्थ साठीनंतर एका लग्नात पाहिला आणि तो कच्चा आहे म्हणून परत पाठवला. मैत्रिणीचा भारतावरचा विश्वास त्या दिवशी थोडा डळमळला. भरपाई म्हणून तिने मला जर्मन बेकरीत नेलं. फ्रॉइंडलीब ही ती बेकरी. पहिल्या महायुद्धात चीनच्या किनाऱ्यावर पकडला जाऊन युद्धकैदी म्हणून जपानला आणलेल्या जर्मनाने सुरू केलेली, आणि आता एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेली. म्हणजे या गावात लग्नाच्या हॉलला चर्चचं रूप, आणि खऱ्या चर्चमध्ये पाव. वाद घालण्यात अर्थ नव्हता. पाव फार चांगला होता.

आमच्या वऱ्हाडाचाही या गावाशी जुना संबंध आहे, हे मला कितानोत कळलं नाही, विद्यापीठाच्या ग्रंथालयात कळलं. १८९३मध्ये जमशेटजी टाटा आणि जपानची निप्पॉन युसेन कंपनी यांनी मिळून मुंबई-कोबे आगबोट सुरू केली, कारण इंग्रज कंपनी कापसाच्या वाहतुकीचं भाडं मन मानेल तसं लावत होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पहिली बोट कोबेहून निघाली. मुंबईहून येताना ती जो कापूस आणी तो इथल्या आणि ओसाकाच्या गिरण्यांत जाई, आणि जपानच्या आवडत्या कापसांत वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस होता. बाजारात त्याचं नावच अमरावतीवरून पडलेलं. मी हे बाबांना उत्साहाने कळवलं. आमची थोडी शेती आहे, त्यात कापूस असतो. बाबा म्हणाले, “तेव्हाचा भाव काय होता, ते पाह्य.” ते पाहायचं राहिलं. पण हा कापूस जिथे उतरला त्या धक्क्यावर नंतर उभी राहिले तेव्हा कोणी मला विचारलं असतं, इथे कशी आलीस, तर मी ‘मालाच्या मागून’ म्हटलं असतं.

जाता जाता कितानोतल्या एका चढाचं सांगते. त्याचं नाव हंटर चढ. एडवर्ड हंटर हा आयर्लंडचा माणूस बंदर उघडताच इथे आला, जपानी बाईशी लग्न केलं, जहाजबांधणीचा कारखाना काढला, आणि त्याच्या मुलाने आडनाव जपानी लिपीत लिहायला सुरुवात केली, ‘हान्ता’. परका म्हणून आला आणि इथलाच झाला, असा दाखला द्यायचा तर हाच. त्यांचा भव्य बंगला चढावर होता. तिथून १९६०च्या दशकात तो उचलून ओजी इथे नेला आणि पुन्हा उभारला. आता ओजीमध्ये काय आहे? शहराचं प्राणिसंग्रहालय. बंगला त्याच्या आवारात आहे. हत्ती, माकडं, फ्लेमिंगो आणि परक्या माणसाचं घर.

ओजी माझ्या रोक्को स्टेशनच्या पुढचंच स्टेशन, म्हणून मी तिथेही जाई. त्या आवारात कोबेची सगळ्यात लाडकी परकी राहत होती : तान तान नावाची पांडा. भूकंपाने खचलेल्या शहराला धीर यावा म्हणून चीनने २०००मध्ये पाठवलेली. तिची मुदत २०२०मध्ये संपली, पण करोनामुळे विमान मिळेना. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, पुढे हृदयाचा आजार. मी पोचले त्याच्या थोडंच आधी तिचं दर्शन बंद झालं होतं. माझ्या रहिवासी कार्डावर मागच्या बाजूला ‘आठवड्याला २८ तास काम करण्यास परवानगी’ असा शिक्का होता. तान तानने आयुष्यात कुठल्याच आठवड्यात एवढं काम केलं नसेल, आणि तरी तिच्या मुदतवाढीची बातमी यायची, माझ्या कार्डाकडे मीसुद्धा बघत नसे. २०२४च्या ३१ मार्चला ती गेली, माझा अभ्यासक्रम संपला त्याच महिन्यात. लोक फुलं घेऊन रांगेत उभे होते. ती प्रदर्शनातली परकी की इथे राहणारी परकी, हे मला ठरवता आलं नाही. ती दोन्ही होती.

तुम्ही कोबेला गेलात तर वरचे एक-दोन बंगले तिकीट काढून जरूर बघा, शेरलॉकचा झगाही घाला, मग तासभर खालच्या गल्ल्यांसाठी ठेवा. हंटर यांचं घर बघायचं असेल तर प्राणिसंग्रहालयाचं तिकीट काढावं लागतं. घराचे वेगळे पैसे घेत नाहीत.